सहपत्र : तूर, मूठभर

पाचव्या मजल्यावर, कार्यासन बारा-अ.
माझ्या टेबलावरून समुद्र दिसत नाही,
समुद्र उपसचिवांना दिसतो.
मला दिसते एसीची पाठ
आणि तिचं ठिबकणारं पाणी झेलत बसलेली
श्रीखंडाची रिकामी बादली.

इथून आम्ही कापसाला पैसे पाठवतो.
हेक्टरी दहा हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत,
आधार जुळलं तर, खातं जिवंत असलं तर,
पीकपाहणीत नाव लागलं असलं तर.
अकरा वर्षं झाली. कापूस मी पाहिलाय
तो एका रकान्यात,
बोटाला कधी काही चिकटलं नाही.

मार्चात एक पाकीट आलं, केळापूरचा शिक्का,
तिकीट तिरकं.
आत सात हजार चारशेचा डीडी,
वहीचं फाडलेलं पान,
आणि पान उलगडताना टेबलभर घरंगळलेले
लालसर दाणे.

*साहेब, म्या औंदा पराटी लावलीच नाई.
तूर हाये. तलाठ्यानं मागच्यासारखंच लिवून देल्लं.
पैसे आले ते माहे नाईत.
पुरावा म्हणून तूर जोडली आहे.
वच्छला गुलाब ठमके, गट नंबर एकशे सोळा.*

शेवटून दुसरी ओळ तेवढी
कुणाकडून तरी शुद्ध करून घेतलेली.

मी दाणे वेचले. तीन कीबोर्डात गेले,
ते अजून तिथंच आहेत.

वित्त विभाग म्हणाला, परत घ्यायला लेखाशीर्ष नाही.
वसुली करता येईल.
वसुलीला आधी नोटीस लागेल,
नोटिशीला आधी गुन्हा लागेल,
बाईंनी काही लबाडी केली आहे का, ते तपासून
फेरसादर करावे.

केली असती तर किती सोपं होतं, बाई.

माझे वडील शिवडीच्या गोदामात काटेवाले होते.
कॉटन ग्रीनला तेव्हा नावाइतका तरी कापूस होता.
पाळी सुटली की फाटकापाशी थांबून
सदरा झटकायचे, मग बाह्या, मग मिश्या,
मग कानामागचा एखादा तंतू चिमटीत धरून
आतल्या बाजूला सोडायचे.
शेठचा आहे, म्हणायचे.
आई हसायची. मीही.
वजनात तो कुठल्याच काट्याला
कळला नसता.

फाईल सहा टेबलं फिरली.
प्रत्येक टेबलावर तूर थोडी कमी झाली.
खरातनं दोन दाणे कुंडीत लावले,
विधी विभागातून पाकीट आलं ते टाचणीनं भोसकलेलं.
'सहपत्र अपूर्ण' असा शेरा आला एकदा,
मी घरून डब्यातली तूर आणून भरती केली.
नियमात बसतं की नाही, विचारलं नाही.

जूनमध्ये डीडीची मुदत संपली.
आता नियम स्पष्ट होता :
पुनर्वैध करून पाठविणेबाबत अर्जदारास कळवावे.
म्हणजे वच्छलाबाईंनी पुन्हा एस.टी. धरायची,
बँकेत रांग, सही, अंगठा, पुन्हा तिकीट,
आपले नसलेले पैसे आपले नाहीत
हे दुसऱ्यांदा सिद्ध करायला.

मी पत्र टाइप केलं. छापलं नाही.

संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर
टिपणीच्या हिरव्या कागदावर लिहिलं :
'कापूस नव्हता. तूर होती.
अर्जदार खरे बोलत आहेत.
यावर कार्यवाहीची तरतूद आढळून येत नाही.
अवलोकनार्थ सादर.'

आणि उठताना, का कोण जाणे,
पदर झटकला.
बादली भरली होती,
ती नेऊन खरातच्या कुंडीत ओतली.